कार्डाची मागची बाजू

दवाखान्याच्या मागच्या अंगाला, धुलाईघर आणि सायकली लावायची जागा यांच्या मधोमध, दोन खोल्या होत्या. बाहेरून पाहिलं तर भंगाराचं दुकान वाटावं. आत शिरलं की कळे, इथे प्रत्येक वस्तूला नंबर आहे आणि प्रत्येक नंबराला इतिहास. चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, कमोडच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या आणि दांडा फिरवला की डोक्याकडून उचलल्या जाणाऱ्या तीन लोखंडी खाटा. घरात कुणाचं हाड मोडलं, कुणी अंथरुणाला खिळलं, की लोक इथे येत, अनामत ठेवून ठराविक मुदतीसाठी वस्तू घेऊन जात आणि गरज संपली की परत आणून देत. भाडं नाही. अट एकच, वस्तू पुसून आणायची.

या दोन खोल्यांचा कारभार अकरा वर्षं एका बाईंच्या हातात होता. नाव त्यांना होतंच, पण दवाखान्याच्या गेटवरच्या वॉचमनपासून वरच्या मजल्यावरच्या मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना कार्डबाई म्हणत. त्या इथे आल्या त्याच मुळी गिऱ्हाईक म्हणून. सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड गेलं, म्हणून वॉकर न्यायला आल्या. रांगेत उभ्या असताना त्यांनी पाहिलं, की कार्डांचे तीन गठ्ठे रबर लावून ठेवलेत आणि हवं ते कार्ड कुणालाच सापडत नाही. त्यांच्यातली गृहिणी गप्प बसेना. वॉकर मिळेपर्यंत त्यांनी पहिला गठ्ठा नंबरवार लावून टाकला. दुसरा लावायला दुसऱ्या दिवशी गेल्या, आणि मग जातच राहिल्या.

कार्ड एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असत. एका वस्तूला एक कार्ड. पुढच्या बाजूला निळ्या शाईत, वस्तू कुणी दिली त्याचं नाव, पत्ता, फोन. मागच्या बाजूला पेन्सिलीने, ती कुणाकुणाकडे जाऊन आली. केंद्र सुरू करणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी घालून दिलेला एक दंडक होता: घेणाऱ्याचं नाव देणाऱ्याला कळू द्यायचं नाही. घेणाऱ्याला ओशाळं वाटू नये. म्हणून कार्डबाई मागच्या बाजूला नावाऐवजी धंदा लिहीत आणि पुढे फोन नंबर. ‘शिंपी, आईसाठी.’ ‘शाळेतल्या बाई, स्वतःसाठी.’ ‘बँड वाजवणारा, डावा पाय.’

देणारे मात्र एकदाच देत. घरातलं माणूस बरं झालं की आनंदाने, नाहीतर गेलं की जड हाताने, एखादी वस्तू किंवा थोडे पैसे देऊन जात आणि पुन्हा फिरकत नसत. असे सातशेच्या वर एकदाच देणारे दाते डब्यात आणि वहीत पडून होते. दर वर्षी सेक्रेटरी त्यांना एक छापील पत्र धाडत. सेक्रेटरी म्हणजे शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. खिशाला दोन पेनं, एक सही करायचं आणि एक दुसऱ्याच्या चुका दाखवायचं. पत्राच्या डोक्यावर ठळक ‘आवाहन’, खाली तीन परिच्छेद आणि शेवटी ‘आपला नम्र’. सातशे पत्रं जात, दहा-अकरा उत्तरं येत. पुढच्या वर्षी सेक्रेटरी ‘आवाहन’ आणखी ठळक करत.

हे असंच रखडत चाललं असतं, पण दवाखान्यात नवे व्यवस्थापक आले आणि त्यांची नजर या खोल्यांवर पडली. त्यांना जुने एक्स-रे ठेवायला जागा हवी होती. माणूस वाईट नव्हता, फक्त हिशेबी होता. त्यांनी पत्र पाठवलं: वार्षिक सभेपर्यंत, म्हणजे चार महिन्यांत, दर वर्षी साथ देऊ असं लिहून देणारी शंभर माणसं दाखवा, खोल्या आणखी पाच वर्षं तुमच्या. नाही दाखवली तर सामान आमच्या भांडारात जमा करा. आणि खाली एक ओळ: केंद्राविषयी तक्रार आली, तर मुदतीची वाट पाहिली जाणार नाही.

ते भांडार कार्डबाईंनी पाहिलं होतं. साखळदंड घातलेल्या सहा खुर्च्या तिथे अंगावर धूळ घेऊन बसल्या होत्या. कारण त्या बाहेर द्यायच्या तर कुणाची सही लागते हेच कुणाला माहीत नव्हतं. आपल्या खुर्च्यांचंही तसंच होणार.

सेक्रेटरींनी लगेच जादा आवाहन काढलं. सातशे पत्रं गेली. नऊ उत्तरं आली. त्यातलं एक, पत्ता बदलल्याचं होतं.

सोमवार हा कार्डबाईंचा तगाद्याचा दिवस. मुदत उलटलेल्या वस्तूंची कार्डं त्या डब्यातून काढत, मागची बाजू वर करून गठ्ठा लावत आणि एकेकाला फोन करत. त्या सोमवारी नेमका हवेच्या गादीचा पंप शेल्फावरून निसटला आणि टेबलावर आदळला. कार्डं जमिनीवर. त्यांनी ती गोळा केली, गठ्ठा ठाकठीक केला आणि सरावाने पहिला नंबर फिरवला. अकरा वर्षांत पाठ झालेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं: चाकाची खुर्ची नंबर सतरा अजून परत आलेली नाही, दोन महिने वर झालेत, गरज संपली असेल तर आणून द्या, दुसरा पेशंट खोळंबलाय.

 पलीकडून एका पुरुषाचा, जरा घोगरा आवाज आला.

“बाई, ती खुर्ची मी तुम्हाला दिलेली आहे. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली.”

कार्डबाईंनी हातातल्या कार्डाकडे पाहिलं. अक्षरं निळी होती. सतरा नंबरचं कार्ड पडताना उलटलं होतं, आणि त्यांनी घेणाऱ्याऐवजी देणाऱ्याकडे तगादा लावला होता. तोही मेलेल्या बायकोच्या खुर्चीचा.  आता तो फोन आपटणार, असं त्यांना वाटलं.

पण पलीकडचा माणूस फोन ठेवत नव्हता.

“म्हणजे ती अजून चालते?” त्याने विचारलं.

चालते म्हणजे काय, पळते, असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. तो म्हणाला, मला वाटलं एव्हाना भंगारात गेली असेल. मग विचारलं, आता कुणाकडे आहे. नाव सांगायची बंदी होती. कार्डबाईंनी कार्ड उलटं केलं आणि आवाज सावरत मागची बाजू वाचून दाखवली. पहिला एक गवंडी, माळ्यावरून पडलेला. मग शाळेतल्या बाई. मग जुळी मुलं झालेली एक परिचारिका, जिला दोन महिने चालायला मनाई होती. बँड वाजवणारा, त्याने खुर्चीत बसून म्हणे एक कार्यक्रमही केला. असे सतरा. आणि आता अठरावा एक शिंपी, आईसाठी.

“डावं चाक अजून वाजतं का?” तो म्हणाला.

ते काही कार्डावर नव्हतं. माहीत नाही, त्या म्हणाल्या. त्यावर तो “बरं” म्हणाला आणि फोन ठेवून दिला. ना रागावला, ना निरोप घेतला. रागावला असता तरी बरं, निदान कळलं तरी असतं.

तीन दिवस व्यवस्थापकांच्या पत्रातली ती शेवटची ओळ डोळ्यांपुढून हलेना. तक्रारीचं पत्र आलं तर सगळंच आटोपलं, आणि आटोपणार ते आपल्या हाताने. सेक्रेटरींना त्यांनी चकार शब्द सांगितला नाही. घरी सांगितलं. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या नवऱ्याने, तुला आता जवळचा चष्मा लागणार, एवढंच निदान केलं. सासूबाई मात्र लसूण सोलता सोलता थांबल्या. खुबा मोडला तेव्हापासून त्यांचे पाय मंद झाले होते. जीभ होती तशीच.

“तो रागावला नाही गं,” त्या म्हणाल्या. “त्याला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं.”

मग त्यांनी आपलं जुनंच दुखणं काढलं. तरुणपणी त्यांनी स्वतःचं शिलाई मशीन मुलींच्या एका वसतिगृहाला दिलं होतं. जिवापाड जपलेलं मशीन. नंतर दर वर्षी त्या वसतिगृहाचं छापील पत्र येई, अमुक द्या, तमुक द्या. मशीनवर कोण शिवायला शिकली, सुई कितीदा मोडली, एक ओळ नाही. सासूबाई त्या पत्रांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वाणसामानाच्या याद्या लिहीत. “एक पोरगी जरी शिवायला शिकली असं कळवलं असतं ना,” त्या म्हणाल्या, “तर दर वर्षी रिळं पाठवली असती मी. आता तुझ्या सेक्रेटरीची पत्रं तरी एका बाजूने कोरी असतात का? म्हणजे लोकांना उपयोग होतो.”

गुरुवारी दुपारी सेक्रेटरी टेबलाशी बसून तिसऱ्या आवाहनाचा मसुदा तपासत होते. दारात एक उंच, वाकलेला माणूस उभा राहिला. हातात कापडी पिशवी.

“सतरा नंबर कुठे आहे?” त्याने विचारलं.

आवाज घोगरा होता. कार्डबाईंनी तो लगेच ओळखला. सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं आणि काय काम म्हणून विचारलं. तो माणूस म्हणाला, की खुर्ची त्याने दिलेली आहे आणि सोमवारी या बाईंचा त्याला फोन आला. सेक्रेटरी कार्डबाईंकडे पाहू लागले. कार्डबाई जमिनीकडे.

“त्यांनी मला खुर्चीची हकिगत सांगितली,” तो म्हणाला. “सहा वर्षांत तुमची सहा पत्रं आली साहेब. एकातही खुर्ची नव्हती.”

चुकीचं त्याने नावसुद्धा काढलं नाही. कार्डबाईंनी तीन दिवस कोंडून ठेवलेला श्वास सोडला, तो इतक्या जोरात, की टेबलावरचा मसुदा हलला.

तो माणूस जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आला होता. पिशवीत तेलाची लहानशी बुदली आणि नट आवळायचे दोन पाने होते. डाव्या चाकाचं बेअरिंग पहिल्यापासूनच सैल होतं, बायको असताना बसवायचं राहून गेलं, आता तेवढं करून टाकतो, असं त्याचं म्हणणं. कार्डबाईंनी शिंप्याला फोन करून विचारलं, खुर्ची ज्यांनी दिली ते पाहायला आले, त्यांना तुमचं नाव कळलं, तर चालेल का. शिंपी चालेल म्हणाला, पण आवाजात धाकधूक होती.

शिंप्याचं दुकान म्हणजे रस्त्याकडे तोंड करून एक खोली आणि मागे घर. दोघं पोचले तेव्हा शिंपी मशीनवरून उठून जवळजवळ आडवाच आला. आणून देणारच होतो बाई, या आठवड्यात नक्की, वगैरे. मागे उंबऱ्यापाशी त्याची आई सतरा नंबरच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर चार सदरे, तोंडात दोरा. खुर्ची आल्यापासून ती पलंगावरून उठून दुकानापर्यंत येऊ लागली होती. बटणं लावी, काजं करी, येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करी. मुदत संपल्यावरही खुर्ची परत गेली नव्हती ती यासाठी. पाहुणे दिसताच तिने सदरे सोडून खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

कार्डबाईंनी आधी ते हात पाहिले, मग पटकन सांगून टाकलं, की आम्ही न्यायला आलेलो नाही, तेल घालायला आलोय.

लिफ्टवाले काका खाली उकिडवे बसले. त्यांनी डावं चाक फिरवलं. कुर्रर्र, असा आवाज झाला आणि त्यांचा हात थांबला.  शिंपी ओशाळून म्हणाला, वाजतं खरं, पण बरंच आहे, आई कुठवर पोचली ते मला मशीनवर बसून कळतं.

“आवाज बंद केलात तर मी पळून जाईन हो गुपचूप,” म्हातारी म्हणाली.

काका हसले. म्हणाले, माझी बायको मुद्दाम वाजवायची. चहा हवा असला की दोनदा पुढे, दोनदा मागे. मग त्यांनी पाना काढला. म्हातारी म्हणाली, राहू द्या मग, तुमची खुर्ची आहे, तुम्ही ठरवा. काका मान वर न करता म्हणाले, “आता तुमची आहे.” आणि त्यांनी बेअरिंग बसवलं, तेल घातलं, चाक फिरवून कान लावला. आवाज गेला होता. म्हातारीने लगेच दुकानभर एक फेरी मारून पाहिली आणि शिंप्याच्या पाठीमागे चोरपावलाने जावं तशी जाऊन थांबली. तो दचकला तशी मुलीसारखी हसली. कार्डबाईंनी पेन्सिल काढून कार्डावर मुदत वाढवून दिली, थेट वार्षिक सभेपर्यंत.

परतताना काका रस्त्यात म्हणाले, की दर गुरुवारी येत जाईन, तुमच्या सगळ्याच चाकांची तऱ्हा बघायला हवी. आणि ते पैशाचं पत्र असतं ना, त्यावरही सही घ्या, दर वर्षीची. कार्डबाईंनी त्यांच्याकडे काहीच मागितलेलं नव्हतं. ही गोष्ट त्यांच्या डोक्यात घर करून बसली.

खोलीवर येऊन त्यांनी सेक्रेटरींना सगळं खरं सांगितलं. पंप पडला इथपासून. चूक माझी होती, म्हणाल्या, आणि बोलणी खायला उभ्या राहिल्या. सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तिसऱ्या आवाहनाचा मसुदा उचलून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूकडे पाहिलं.

“बाई,” ते म्हणाले, “अशी चूक रोज किती जणांशी करता येईल?”

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दोन ते चार हे काम सुरू झालं. रोज दहा फोन. सेक्रेटरींचं म्हणणं, शेवटी एका वाक्यात मागून घ्यावं. मागितल्याशिवाय कोण देतं. कार्डबाईंचं म्हणणं, आज मागितलं तर सांगितलेलं सगळं मागण्यासाठीच होतं असं होईल. आधी नुसतं सांगायचं. त्यांनी विचारलंच, की आम्ही काय करू, तर मग सांगायचं. दोन दिवस वाद चालला. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी स्वतः एक फोन करून पाहिला. पलीकडचा गृहस्थ जेमतेम पहिल्या दोन वाक्यांपर्यंत टिकला. सेक्रेटरींनी रिसीव्हर ठेवला, तपासनिसाच्या आवाजात फोन करू नये एवढं कबूल केलं, आणि त्यानंतर ते नंबर फिरवून द्यायचं काम करू लागले.

सगळे फोन काही सतरा नंबरसारखे झाले नाहीत. एक जण म्हणाला, ती खाट मी विसरायचा प्रयत्न करतोय, पुन्हा आठवण करू नका. कार्डबाईंनी त्या कार्डावर लाल फुली केली. एका बाईंना, आपल्या भावाने आपल्याला न विचारता कमोडची खुर्ची देऊन टाकली, हे त्या फोनमुळेच कळलं. पुढचा अर्धा तास भावाच्या आजवरच्या सगळ्या करणीचा पाढा ऐकावा लागला. बरेच जण आधी विचारत, किती हवेत बोला. कार्डबाई म्हणत, काही नको, तुमचा वॉकर कुठे कुठे फिरून आला तेवढं सांगायचं होतं. मग पलीकडे खुर्ची सरकवल्याचा, कुणीतरी बसल्याचा आवाज येई.

ज्यांनी वस्तू न देता पैसेच दिले होते त्यांचं काय करावं, हा पेच होता. पैशाला नंबर नसतो. मग त्यांनी दुरुस्तीची वही उघडली. ज्या महिन्यात पैसे आले, त्या महिन्यात काय आणलं ते शोधलं. खोटं एकही सांगायचं नाही, हे स्वतःशी ठरवलं होतं. सापडलं नाही तर सापडलं नाही म्हणायचं. ट्रक रंगवणाऱ्या एकाला त्यांनी सांगितलं, तुमच्या पैशातून वॉकरच्या पायांना रबरी बूट बसवले, चार वॉकरांना. तो म्हणाला, रंग कोणता. काळा. तो नाखूश झाला. पुढच्या आठवड्यात स्वतः रंग घेऊन आला आणि चारही वॉकर त्याने पिवळेधमक करून टाकले. म्हणाला, कोपऱ्यात कुणी अडखळू नये.

उत्तरासाठी सेक्रेटरींनी छोटं कार्ड छापलं. आधी त्यांनी अर्धं पान लिहिलं होतं. कार्डबाईंनी, पोरीच्या परकराची उंची कमी करावी तसं ते खालून दुमडत आणलं, शेवटी एक ओळ उरली: ‘मी दर वर्षी सोबत आहे.’ खाली सही. कार्डं येऊ लागली. एकाने सहीखाली लिहिलं होतं, पैसे देईन, पण फोन करत जा. सासूबाईंनीही एक कार्ड मागून घेतलं आणि भरलं. सूनबाईने फोन न करताच भरतेय, हे तिच्या लक्षात आणून द्यायला विसरल्या नाहीत.

सभेला पंधरा दिवस राहिले तेव्हा कार्डं त्र्याऐंशी झाली होती आणि तिथेच अडली. तीन दिवस टपाल रिकामं. फोन करायचे तेवढे जवळजवळ करून झाले होते. सेक्रेटरींनी हळूच सुचवलं, की ‘पाहू’ म्हणालेल्या बावीस जणांना यादीत धरावं, तेही म्हणतीलच. कार्डबाई नको म्हणाल्या. पण घरी जाताना त्यांना आपल्या सगळ्या खुर्च्या साखळदंडाने बांधलेल्या दिसू लागल्या.

दुसऱ्या दिवशी शिंपी आला. खुर्ची न घेता. आईने धाडलं, म्हणाला. टेबलापुढे उभा राहिला, टोपी काढली, हातात फिरवली.

“बाई, आमचं नाव कार्डाच्या पुढच्या बाजूला कसं येतं?”

त्यांना आधी कळेना. मग त्याने सांगितलं: लिफ्टवाले काका येऊन जाऊन त्यांचे मित्रच झाले होते, त्यांनी कार्डाचं सगळं सांगितलं. आई म्हणते, आपण नुसते मागच्या बाजूला राहायचं नाही. जास्त जमायचं नाही, पण दर वर्षी जमेल. चालेल का?

कार्डबाईंनी त्याच्यापुढे एक कोरं कार्ड सरकवलं. तीन महिने त्यांनी कार्डांच्या पुढच्या बाजूला फोन केले होते. मागच्या बाजू वाचून वाचून तोंडपाठ झाल्या होत्या, आणि तिथली माणसंही माणसंच आहेत, ती बरी झालीत, हिंडतफिरताहेत, हे ध्यानातच आलं नव्हतं. ओशाळं वाटू नये म्हणून ज्यांना कधी विचारलं नाही, त्यांना न विचारल्याचंच वाईट वाटत असेल, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

त्या दुपारी त्यांनी डबा उलटा करून घेतला. गवंडी, परिचारिका, शाळेतल्या बाई. यावेळी त्यांनी स्पष्टच सांगितलं, खोल्या जाताहेत, शंभर माणसं हवीत. नाही म्हणालात तरी चालेल, गरज पडली तर वस्तू तरीही मिळेल. काहींनी नाही म्हटलं. त्यांची परिस्थिती कार्डबाईंना माहीत होती, त्यांना उलट हायसं वाटलं, की माणसं मोकळेपणी नाही म्हणू शकली. बँडवाल्याने फोनवरच हो म्हणून सांगितलं आणि सही करायला आपल्याबरोबर ढोलवाल्यालाही घेऊन आला.

सभेच्या दिवशी सेक्रेटरींनी कार्डं व्यवस्थापकांच्या पुढ्यात ठेवली. व्यवस्थापकांनी ती एकेक करून मोजली. सत्तरच्या पुढे गेल्यावर कार्डबाईंनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. धुलाईघराच्या दोरीवर चादरी होत्या, त्या त्यांनी मोजल्या. शंभराव्या कार्डाला व्यवस्थापक थांबले, उरलेल्या गठ्ठ्याची जाडी बोटाने पाहिली आणि म्हणाले, पुरे, एक्स-रे जिन्याखाली ठेवता येतील. एकूण एकशे अकरा होती. त्यातलं शेवटचं सेक्रेटरींचं. अकरा वर्षं आवाहनं लिहिली, पण मलाच कुणी फोन केला नव्हता, ते म्हणाले. कार्डबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या खोलीवर आल्या, चार नंबरच्या खुर्चीत बसल्या आणि पाच मिनिटं काहीही न करता बसून राहिल्या. घरात, बाहेर, कुठेच त्यांना असं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

सोमवार आला. तगाद्याचा दिवस. सकाळीच शिंपी सतरा नंबरची खुर्ची ढकलत आला; पुसून लखलखीत, सीटच्या फाटलेल्या शिवणीवर नवी टीप घातलेली. मागून त्याची आई, पिवळा वॉकर टेकत, दर चार पावलांनी थांबून रस्ता बघत. दाराशी बाकावर एक बसकंडक्टर पायाला प्लास्टर बांधून खोळंबला होता. तो खुर्चीकडे आशेने पाहू लागला.

कार्डबाईंनी कार्ड काढलं. कुठली बाजू वर आहे ते एकदा पाहिलं, खात्रीसाठी पुन्हा पाहिलं, आणि मुद्दाम निळ्या शाईतला नंबर फिरवला. लिफ्टवाले काका आठवडाभर मुलीकडे होते, आदल्या रात्रीच परतले होते; सभेचं त्यांना अजून ठाऊक नव्हतं. फोन लागला.

“चाकाची खुर्ची नंबर सतरा परत आली,” कार्डबाई म्हणाल्या. “आणि खोल्या राहिल्या.”

 

“वाजते का?” काकांनी विचारलं.

त्यांनी रिसीव्हर खांद्याला धरून खुर्ची हाताने पुढे ढकलली, मागे ओढली. कानोसा घेतला. नाही, म्हणाल्या.

“मग पाठवा पुढे,” काका म्हणाले. “कोण आहे?”

“बसकंडक्टर,” कार्डबाई म्हणाल्या, आणि कार्ड उलटून पेन्सिलीने एकोणिसावी ओळ लिहू लागल्या.